पाचवे कारण: स्वतः घडवलेल्या संगणकाचे ज्ञान आणि त्याचा धर्म

ज्ञान आणि विज्ञान

एखादी वस्तू वापरता येणे, तिच्याविषयी वाचून माहीत असणे आणि ती स्वतःच्या हाताने घडवता येणे या तिन्ही अवस्थांना व्यवहारात ‘समजणे’ हे एकच क्रियापद लावले जाते. त्यामुळे त्यांच्यात केवळ कमीअधिकपणाचा फरक आहे की जातीचाच फरक आहे, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. भारतीय विचारपरंपरेत मात्र हा प्रश्न फार जुना आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञान आणि विज्ञान हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात, आणि शब्द दोन का असावेत याचे उत्तर भाष्यकारांनी निरनिराळे दिले आहे. शंकराचार्यांच्या मते शास्त्र आणि आचार्य यांच्याकडून मिळते ते ज्ञान, आणि तेच स्वतःच्या अनुभवात उतरले म्हणजे विज्ञान. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत या शब्दाला वेगळे वळण मिळते: ज्ञानेश्वर प्रपंचाच्या, म्हणजे नानात्वाने नटलेल्या दृश्य जगाच्या, जाणिवेला विज्ञान म्हणतात आणि त्या जगालाच अंतिम सत्य समजण्याला अज्ञान म्हणतात. आजच्या मराठीत विज्ञान हा शब्द ज्या अर्थाने रूढ आहे, त्याच्याशी ज्ञानेश्वरांचा अर्थ अधिक जवळचा आहे. स्वतः करून पाहणाऱ्या कारागिराच्या अनुभवाशी शंकराचार्यांचा.

या दोन अर्थांतील ताण तपासायचा तर उदाहरण असे हवे, की ज्यात वस्तू पूर्णपणे मानवनिर्मित असेल, ती एकट्या माणसाला आरंभापासून शेवटपर्यंत जोडता येईल आणि जोडताना झालेली चूक लपून राहणार नाही. जुन्या धाटणीचा, घरी जोडलेला एकफलकी संगणक आणि त्याला आज्ञा देण्याचे शिक्षण हे असे उदाहरण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगी या गावाने याच प्रश्नाची दुसरी आणि दुःखद बाजू २०२१ मध्ये महाराष्ट्रासमोर आणली. त्यामुळे यंत्रापासून सुरू होणारे हे विवेचन त्या गावापाशी गेल्यावाचून पुरे होत नाही.

एका माणसाच्या आवाक्यातले यंत्र

ज्या संगणकाचा प्रक्रियक, स्मृती, ठोके देणारे घड्याळ आणि बाहेरच्या जगाशी संबंध ठेवणारी साधने हे सारे एकाच फलकावर बसलेले असते, त्याला एकफलकी संगणक किंवा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. महाराष्ट्रातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रयोगशाळांत तो ‘८०८५ किट’ या नावाने परिचित आहे. त्यातील ८०८५ हा इंटेल कंपनीचा १९७६ चा सूक्ष्मप्रक्रियक असून त्याच्या नावातील शेवटचा ५ हा अंक तो एकट्या ५ व्होल्ट विजेवर चालतो याची खूण आहे. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे विद्युतदाब द्यावे लागत. घरी संगणक जोडणारे हौशी लोक पुष्कळदा याच कुळातला झेड८० हा प्रक्रियक निवडतात, जो झायलॉग कंपनीने १९७६ मध्येच बाजारात आणला. या प्रक्रियकाला ३२ किलोबाइटची कायम स्मृती, म्हणजे रॉम, आणि तेवढीच तात्पुरती स्मृती, म्हणजे रॅम, जोडली की त्याला ओळखता येणारे सर्व ६५,५३६ पत्ते भरून निघतात. रॉममधील मजकूर वीज गेली तरी टिकतो; रॅममधील मजकूर भारनियमनाच्या एका क्षणात नाहीसा होतो.

या यंत्राचे महत्त्व त्याच्या क्षमतेत नाही, कारण कोणताही साधा मोबाइल फोन त्याच्या हजारोपट काम करतो. त्याचे महत्त्व त्याच्या मापात आहे. फोनच्या आत काय चालले आहे हे संपूर्णपणे सांगू शकेल असा एकही माणूस अस्तित्वात नसतो, कारण ते ज्ञान अनेक माणसांत आणि अनेक कंपन्यांत वाटले गेलेले असते. एकफलकी संगणकाचा मात्र प्रत्येक पत्ता, प्रत्येक तार आणि प्रत्येक ठोका एका माणसाच्या मनात एकाच वेळी मावू शकतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये प्रायोगिक संगणक आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक उभा केला, ज्याला १९६२ मध्ये टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि तो समजून घेणे हे एका गटाचे काम होते. त्यानंतर वीस वर्षांच्या आत तेच काम एकट्या विद्यार्थ्याच्या टेबलावर येऊन बसले.

इटालियन तत्त्वज्ञ जांबातिस्ता व्हिको याने १७१० मध्ये असा सिद्धांत मांडला की सत्य आणि घडवलेले यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणजे ज्याने जे घडवले त्यालाच ते पूर्णपणे कळते. निसर्ग ईश्वराने घडवला म्हणून तो ईश्वरालाच पूर्ण कळतो, आणि गणित माणसाने घडवले म्हणून ते माणसाला कळते. घरी संगणक जोडणाऱ्याला हा सिद्धांत आपलासा वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच्याच टेबलावर त्या सिद्धांताचे खंडनही ठेवलेले असते. झेड८० च्या काळ्या कवचाच्या आत सुमारे ८,५०० ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांतला एकही जोडणाऱ्याने घडवलेला नसतो. एप्रिल २०२४ मध्ये झायलॉगने या प्रक्रियकाचे मूळ स्वरूपातील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा स्वावलंबी म्हणवणाऱ्या सर्व हौशी कारागिरांना आपले स्वावलंबन किती दूरच्या हातांवर उभे होते हे कळून चुकले. ‘स्वतः घडवलेले’ या शब्दप्रयोगातील ‘स्वतः’ नेहमीच अंशतः खरा असतो.

सैंधवाचा न्याय

या यंत्रासाठी लिहिलेला एखादा अगदी लहान उपयुक्त कार्यक्रम नऊ बाइटांचा असू शकतो. बाइट म्हणजे शून्य-एकच्या आठ घरांची संख्या. ती सोयीसाठी षोडशमान पद्धतीत लिहितात, ज्यात नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे अंकांसारखी वापरली जातात. ५ आणि ७ यांची बेरीज करायची असल्यास ३ई ०५ ०६ ०७ ८० ३२ ५० २० ७६ एवढे अंक क्रमाने स्मृतीत ठेवले की पुरते. त्यांचा अर्थ असा: संचायक नावाच्या कप्प्यात ५ ठेव, ‘बी’ कप्प्यात ७ ठेव, दोन्ही मिळव, उत्तर २०५० या पत्त्यावर साठव, आणि थांब. कार्यक्रम चालवून तो पत्ता उघडला की तिथे ०सी, म्हणजे बारा, दिसतात. हे आदेशांक ८०८०, ८०८५ आणि झेड८० या तिन्ही प्रक्रियकांत एकच आहेत. २०५० हा पत्ता मात्र उलटा, म्हणजे आधी ५० आणि मग २०, असा लिहावा लागतो. तो सरळ लिहिला तर यंत्र तक्रार करत नाही, उत्तर निमूटपणे ५०२० या भलत्याच पत्त्यावर पाठवते, आणि शिकणारा रिकाम्या जागेकडे पाहत राहतो.

या नऊ अंकांत एक तात्त्विक कोडे दडलेले आहे. शेवटचा ७६ हा अंक प्रक्रियकाने आज्ञा म्हणून वाचला तर ‘थांब’ असा अर्थ होतो; तोच बेरजेसाठी उचलला तर तो ११८ ही संख्या होतो; आणि पडद्यावर पाठवला तर रोमन वर्णमालेतले ‘व्ही’ हे लहान अक्षर उमटते. अंक तोच, त्याची विद्युतस्थिती तीच, तरी अर्थ तीन. भारतीय भाषाचिंतनात यासाठी सैंधव शब्दाचे उदाहरण देण्याची पद्धत आहे: सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधु देशातला घोडाही, जेवणाच्या पानावरून ‘सैंधव आण’ असे म्हटले तर मीठ आणावे आणि प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा आणावा. अर्थ शब्दात साठवलेला नसतो, तो प्रकरणातून, म्हणजे संदर्भातून, ठरतो. एकफलकी संगणकात हे प्रकरण म्हणजे ‘पुढचा आदेश कोणत्या पत्त्यावर आहे’ हे सांगणारी गणकपेटी होय. ती ज्या अंकाकडे बोट दाखवते तो आज्ञा होतो, इतर सर्व अंक केवळ सामग्री राहतात. कार्यक्रमाच्या शेवटी ७६ लिहायला कोणी विसरला, तर ती गणकपेटी पुढच्या पत्त्यांवर पडलेल्या निरर्थक अंकांनाही तितक्याच निष्ठेने आज्ञा मानून पाळू लागते.

येथून साहजिकच दुसरा प्रश्न उभा राहतो, की मग यंत्राला अर्थ कळतो का. ज्याने ८०८० आणि झेड८० या दोन्ही प्रक्रियकांच्या रचनेत प्रमुख भाग घेतला, तो फेदेरिको फाजिन हा १९४१ मध्ये इटलीतील विचेंत्सा येथे जन्मलेला अभियंता उत्तरायुष्यात याच प्रश्नाकडे वळला, आणि चैतन्य हे गणनेतून निर्माण होत नसून ते मूलभूत आहे, असे मत त्याने ग्रंथांतून मांडले. मत मांडणारा सूक्ष्मप्रक्रियकाचाच शिल्पकार असल्याने त्याला वजन आहे. पण वजन म्हणजे सिद्धता नव्हे. चार्वाकांचे जुने उत्तर असे, की विड्याच्या पानात, सुपारीत आणि चुन्यात वेगवेगळे पाहिले तर लाल रंग कोठेच नसतो, तरीही विडा रंगतो. त्याचप्रमाणे जड भूतांच्या विशिष्ट मिश्रणातून चैतन्य प्रकटते. प्रत्येक कप्पा उघडून पाहणाऱ्या कारागिराला आपल्या यंत्रात ‘कोणी’ सापडत नाही, एवढे तो खात्रीने सांगू शकतो. पण सुटे घटक तपासून विड्याच्या रंगाचा निकाल लागत नाही, हेही त्याने मान्य केले पाहिजे. या ठिकाणी ज्ञानेश्वरांचा इशारा लागू पडतो: दृश्याची जाणीव कितीही सखोल झाली तरी तिच्यावरून अंतिम सत्याचा निवाडा करू नये.

प्रामाण्याचा प्रश्न

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधने, म्हणजे प्रमाणे, मानते: इंद्रियांनी मिळणारे प्रत्यक्ष, खुणेवरून काढलेले अनुमान, सादृश्यावरून होणारे उपमान, आणि आप्ताच्या, म्हणजे वस्तू जाणणाऱ्या व ती जशी आहे तशी सांगू इच्छिणाऱ्या माणसाच्या, वचनातून मिळणारे शब्दप्रमाण. संगणकाला आज्ञा द्यायला शिकणारा या चारही वाटांनी जातो. प्रक्रियकाची माहितीपुस्तिका हे त्याचे शब्दप्रमाण असते. फलकावर लावलेल्या दिव्याची उघडझाप हे प्रत्यक्ष. दिवा का लागला नाही याचा शोध हे अनुमान. आणि ८०८५ येत असल्याने झेड८० चा अंदाज बांधणे हे उपमान.

परंतु एखादे ज्ञान खरे आहे हे कसे ठरते, याविषयी दर्शनांत मतभेद आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान उत्पन्न होताच स्वतःच्या बळावर प्रमाण असते आणि बाधक ज्ञान येईपर्यंत ते प्रमाण मानलेच पाहिजे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांच्या मते ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, म्हणजे त्याला अनुसरून केलेली प्रवृत्ती सफल झाली की नाही यावरून ठरतो. समोर दिसते ते पाणी आहे हे ज्ञान खरे होते ते तहान भागल्यावर. याला परतःप्रामाण्य म्हणतात. एकफलकी संगणक शिकणारा माणूस सुरुवातीला मीमांसक असतो आणि नंतर नैयायिक बनतो. माहितीपुस्तिकेवर विश्वास ठेवल्याशिवाय पहिली तारही जोडता येत नाही, कारण चाळीस टोकांपैकी कोणते कशाचे हे पाहून कळण्यासारखे नाही. आणि चालवून पाहिल्याशिवाय नऊ बाइटांचाही कार्यक्रम बरोबर आहे असे म्हणता येत नाही, कारण लिहिणाऱ्याला तो नेहमीच बरोबर वाटत असतो.

घरी जोडलेल्या झेड८० संगणकाची प्रथम घेतली जाणारी चाचणी या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्यात स्मृती जोडतच नाहीत. प्रक्रियकाकडे येणाऱ्या आठही तारा शून्यावर बांधतात, आणि शून्य या अंकाचा आदेश म्हणून अर्थ ‘काहीही करू नकोस’ असा असल्याने प्रक्रियक तोच आदेश वाचत राहतो. काही न करण्याच्या प्रत्येक आदेशाला घड्याळाचे चार ठोके लागतात आणि दर वेळी पत्ता एकाने पुढे सरकतो. या प्रक्रियकाच्या सीमॉस जातीचे घड्याळ हवे तितके संथ करता येते. सेकंदाला एक हजार ठोके दिले तर सर्व ६५,५३६ पत्त्यांची एक प्रदक्षिणा सुमारे २६२ सेकंदांत पुरी होते, आणि पत्त्याच्या तारांवर लावलेले दिवे क्रमाने उघडझाप करतात. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहण्याची गीतेतील कल्पना पुष्कळांना शब्दांचा खेळ वाटते. काहीही न करण्याची आज्ञा पाळणारे आणि तरीही आपण जिवंत व सुस्थितीत आहोत हे सिद्ध करणारे हे यंत्र त्या कल्पनेचे एक साधे, दृश्य उदाहरण ठरते.

बाण घडवणारा गुरू

फुलसावंगीहून पैनगंगेपलीकडे फार दूर नसलेले माहूर हे रेणुकेचे पीठ आहे आणि परंपरेने दत्तात्रेयांचे निद्रास्थानही आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदु राजाला एक अवधूत भेटतो, ज्याला परंपरा दत्तात्रेयच मानते. तो आपल्या चोवीस गुरूंची यादी सांगतो. या स्कंधावर एकनाथांनी लिहिलेली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली आणि तिच्यामुळे हे चोवीस गुरू मराठी घराघरांत पोहोचले. यादीत पृथ्वी, वायू, मधमाशी, अजगर यांच्याबरोबर एक कारागीरही आहे: बाण सरळ करण्यात तो इतका गढलेला असतो, की राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागत नाही. अवधूत त्याच्याकडून चित्ताची एकाग्रता शिकतो.

या यादीचे वैशिष्ट्य असे, की तिच्यातील एकही गुरू अवधूताला शिकवत नाही. मधमाशी उपदेश करत नाही, बाणकर्ता वर मान करूनही पाहत नाही. शिकण्याची सारी जबाबदारी शिष्याची असते. स्वतः जोडलेला संगणक याच अर्थाने गुरुस्थानी येऊ शकतो. तो चूक झाल्यावर रागावत नाही, बरोबर आल्यावर शाबासकी देत नाही, आणि शिकणाऱ्याला काय म्हणायचे होते याची कधीही दखल घेत नाही. त्याच्यापुढे काय लिहिले गेले एवढेच त्याला ठाऊक असते. माणसांच्या जगात ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे वाक्य पुष्कळदा चालून जाते. या यंत्रासमोर ते वाक्य उच्चारायला श्रोताच नसतो, आणि त्यामुळे हेतू व कृती यांतील अंतर शिकणाऱ्याला प्रथमच उघडे दिसते. हे शिक्षण तंत्राइतकेच नैतिकही आहे.

चोवीस गुरूंनंतर अवधूत आणखी एकाचा उल्लेख करतो, आणि तो म्हणजे स्वतःचा देह. देह नाशवंत आहे, तो अखेर दुसऱ्यांचाच घास होणार आहे, हे ओळखून त्याच्याकडून विवेक आणि वैराग्य शिकावे, असे तो सांगतो. बाण घडवणाऱ्याच्या एकाग्रतेचा धडा देणाऱ्यानेच देहाचा धडा सर्वांत शेवटी ठेवावा, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पाच कारणे

गीतेच्या अठराव्या अध्यायात सांख्यमताचा आधार देऊन असे सांगितले आहे की कोणतेही कर्म सिद्ध होण्यास पाच कारणे लागतात: अधिष्ठान, म्हणजे ज्या आधारावर कर्म घडते तो, कर्ता, करण, म्हणजे साधने, निरनिराळ्या चेष्टा, म्हणजे प्रत्यक्ष क्रिया, आणि पाचवे दैव. केवळ आपणच कर्ता आहोत असे मानणाऱ्याची दृष्टी सदोष आहे, असा निष्कर्षही तेथे दिला आहे. ही मांडणी सामान्यतः अहंकारनिरसनासाठी वापरली जाते, पण ती दोषशोधनाची, म्हणजे डिबगिंगची, अतिशय नेमकी पद्धतही आहे.

संगणक चालत नसेल तेव्हा अनुभवी माणूस हीच कारणे एकेक करून तपासत जातो. अधिष्ठान म्हणजे फलक आणि विद्युतपुरवठा. ५ व्होल्ट खरोखर ५ आहेत का, सोल्डरिंगचा एखादा सांधा कच्चा राहिला आहे का, हे तो आधी पाहतो. करण म्हणजे प्रक्रियक, स्मृती, मल्टिमीटर. त्यांतील काही बिघडले आहे का हे त्यानंतर. चेष्टा म्हणजे आदेशांची मालिका. तीत पत्ता उलटा लिहायचा राहिला आहे का, हे मग. कर्ता म्हणजे तो स्वतः. त्याने माहितीपुस्तिका नीट वाचली आहे का, हा प्रश्न सर्वांत अवघड असल्याने बहुधा शेवटी येतो. नवशिक्या मात्र उलट्या टोकापासून, म्हणजे दैवापासून, सुरुवात करतो.

आणि दैवाचा भास निर्माण करण्यात हे यंत्र मोठे पटाईत आहे. झेड८० प्रक्रियकाला ‘थांब’ किंवा ‘दुसऱ्याला वाट दे’ असे बाहेरून सांगणारी काही टोके असतात. ती वापरायची नसल्यास रेझिस्टरमार्फत ५ व्होल्टला बांधून ठेवावी लागतात. ती मोकळी राहिली तर हवेतील विद्युतगोंगाट पकडतात, आणि मग हात जवळ नेला की यंत्र चालते, हात काढला की बंद पडते. तसेच प्रत्येक चिपच्या शेजारी विजेतील क्षणिक चढउतार शोषून घेणारा छोटा कपॅसिटर बसवला नाही, तर यंत्र कधी तासभर बिनचूक चालते आणि कधी दुसऱ्याच क्षणी भरकटते. पाहणाऱ्याला यात अंगात आल्याचा, दृष्ट लागल्याचा किंवा नशिबाचा भाग दिसू शकतो. रेझिस्टर आणि कपॅसिटर बसताच ते नशीब नाहीसे होते. दैव म्हणून जे वाटत होते ते अधिष्ठानातील न्यून होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

याचा अर्थ दैव नाहीच असा होत नाही. पाचवे कारण यादीतून खोडले जात नाही. पहिल्या चार कारणांची तपासणी जितकी कसोशीने होते, तितके दैवाचे क्षेत्र आकुंचन पावते, पण ते कधीही पूर्ण शून्य होत नाही. महाराष्ट्रात खंडेनवमीला कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करतात, तिचा विवेकी अर्थ हाच असू शकतो: वर्षभर साधने तपासून, धार लावून, तेलपाणी करून झाल्यावरही काही अंश आपल्या हाताबाहेर राहतो, याची नम्र कबुली. पूजा ही तपासणीच्या नंतर येते. ती तपासणीच्या जागी आली तर गीतेतील पाचांपैकी चार कारणे वाया जातात.

फुलसावंगी

येथवर जे उदाहरण घेतले, त्यात पाचवे कारण ओढवले तरी त्याची किंमत एका जळालेल्या चिपएवढी आणि वाया गेलेल्या संध्याकाळीएवढी असते. चूक स्वस्त असते म्हणूनच ती शंभर वेळा करता येते, आणि शंभर वेळा करता येते म्हणूनच शंकराचार्यांच्या अर्थाचे विज्ञान, म्हणजे स्वानुभवाचे ज्ञान, येथे शक्य होते. पण सर्व वस्तूंच्या बाबतीत तसे नसते.

फुलसावंगी येथील आठवीपर्यंत शिकलेल्या आणि पत्र्याची व वेल्डिंगची कामे करणाऱ्या २४ वर्षांच्या एका तरुणाने मोटारीचे इंजिन वापरून स्वतःच्या हाताने एका माणसापुरते हेलिकॉप्टर तयार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर आलेला असताना, चाचणी चालू असतानाच पाते तुटले आणि त्या आघातात त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कामात बाणकर्त्याची एकाग्रता होती, यात शंका घेण्याचे कारण नाही; पदवी आणि प्रयोगशाळा नसताना एवढे यंत्र उभे करणे हे ज्ञानच होते, आणि त्याला केवळ साहस किंवा वेड म्हणणे हा त्या ज्ञानाचा अवमान ठरेल.

तरीही येथे संगणक आणि हेलिकॉप्टर यांच्यातील फरक निर्णायक आहे. फिरणाऱ्या पात्याच्या मुळाशी पडणारी ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. आणि धातूत वारंवार पडणाऱ्या ताणाने जन्मणारी सूक्ष्म भेग तुटण्याच्या क्षणापर्यंत डोळ्यांना दिसेलच असे नाही. दिव्याची उघडझाप चूक झाल्याची खबर लगेच देते, पाते तसे देत नाही. नैयायिकांची कसोटी, की प्रवृत्ती सफल झाली तर ज्ञान खरे, येथे वापरताच येत नाही, कारण विफल प्रवृत्तीनंतर ज्ञान सुधारण्यासाठी ज्ञाता शिल्लक राहीलच याची शाश्वती नसते. अशा ठिकाणी दुसऱ्यांच्या अनुभवावर, म्हणजे शब्दप्रमाणावर, टेकावे लागते. विमानविद्येतील नियमावल्या, चाचणीचे टप्पे, धातूच्या आयुष्याची कोष्टके ही पूर्वीच्या अपघातांतून जमलेली आप्तवाक्ये आहेत. ज्यांना स्वतःच्या चुकीतून शिकता आले नाही, त्यांच्या वतीने इतरांनी ती लिहून ठेवली आहेत.

म्हणून घडवून मिळणारे ज्ञान आणि ऐकून मिळणारे ज्ञान यांत श्रेष्ठ कोणते, हा आरंभीच्या भेदातून उभा राहणारा प्रश्न त्या स्वरूपात सुटत नाही. तो बदलून विचारावा लागतो. चूक झाली तर ती कोणी सोसायची, हा खरा प्रश्न आहे. जेथे चुकीची किंमत केवळ वेळ आणि थोडे पैसे एवढीच असेल, तेथे स्वतः करून पाहणे हाच श्रेष्ठ मार्ग होय, आणि तेथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहणे हा आळस होय. जेथे चूक देहावर पडणार असेल, मग तो देह स्वतःचा असो वा दुसऱ्याचा, तेथे आप्तवाक्य शोधणे हाच धर्म होय, आणि केवळ स्वतःच्या अनुभवाचा आग्रह धरणे ही पाच कारणांपैकी एकट्या कर्त्यावर सारा भार टाकण्याची तीच जुनी चूक होय.

मात्र हा धर्म एकट्या कारागिराला सांगून भागत नाही. आप्तवाक्य शोधायचे तर आप्त जवळ असावा लागतो, आणि ग्रामीण भागातील कष्टकरी तरुणाजवळ तो सहसा नसतो. ज्याच्या हातांत कौशल्य आहे त्याला चुकण्यासाठी सुरक्षित जागा मिळणे, आणि त्या जागेत चूक कशी वाचावी हे दाखवणारा माणूस मिळणे, ही समाजाने पुरवण्याची गोष्ट आहे. ती पुरवली नाही तर समाज अधिष्ठान आणि करण या दोन कारणांत उणा पडतो, आणि त्या उणिवेलाच पुढे दैव असे नाव देतो. नऊ बाइटांचा कार्यक्रम चालवणारा एक फलक, एक मल्टिमीटर, एक माहितीपुस्तिका आणि आठवड्यातून एकदा येणारा शिक्षक एवढे जरी तालुक्याच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत असले, तरी शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात जाणाऱ्या मुलाने जाण्यापूर्वी एक गोष्ट शिकलेली असेल: यंत्र चुकले की आधी चार कारणे तपासायची असतात, आणि ती तपासून होईपर्यंत पाचव्याचे नाव घ्यायचे नसते.